शनिवारी घाणा बंद

कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्याच्या पट्ट्यात, पूर्वी तेल्यांचे दोन प्रकार असत. दोघांचा घाणा लाकडी, दोघांचा बैल झापड बांधलेला, तेलही तेच. पण एक तेली महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवी आणि दुसरा शनिवारी. गावाने दोघांची नावं त्यावरूनच पाडली : सोमवार तेली आणि शनिवार तेली.

हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा बैल सुटे, तो शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत पुन्हा जुंपला जात नसे. शब्बाथ हा शब्द गावाला ठाऊक नव्हता. सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावलेल्या देवाची गोष्ट गावाने ऐकलेली नव्हती. गावाला माहीत होतं ते एवढंच, की या माणसाकडे शनिवारी तेल मिळत नाही. मग दिव्याला आणि फोडणीला लागणारं तेल आदल्या दिवशीच बुधलीत भरून आणायचं, नाहीतर सोमवारवाल्याचं दार ठोठवायचं. विषय संपला.

उपासनेच्या स्वातंत्र्यावरचं हे पुस्तक राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमापासून सुरू करता आलं असतं. ते मी घाण्यापासून सुरू केलं, कारण या विषयावर बोलताना आपण फार लवकर मोठे शब्द काढतो. सर्वधर्मसमभाव, बंधुभाव, एकात्मता. शब्द चांगले आहेत, पण त्यांत एक अपेक्षा दडलेली असते : दुसऱ्याचा धर्म आपल्याला समजला पाहिजे, जमल्यास आवडला पाहिजे. माझं म्हणणं याहून बरंच लहान आहे. दुसऱ्याची उपासना मानायला त्याचा देव मानावा लागत नाही. त्याच्या देवापायी आपली जी थोडी अडचण होते, ती कुरकुर न करता सोसली आणि आपलं वेळापत्रक तेवढं सरकवलं, की पुष्कळ झालं. उरलेल्या पानांत या एका म्हणण्याची उलटतपासणी आहे.

बेने इस्रायलांची स्वतःबद्दलची कथा अशी. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्राने नेल्या. ही घटना केव्हाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पोथी नाही, धर्मगुरू नाही, हिब्रू भाषाही विसरलेली, अशा अवस्थेत ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. उरलं ते अंगवळणी पडलेलं : शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशी मुलाची सुंता, 'शमा' ही प्रार्थना आणि मासळीचा नियम. दावीद राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने त्यांना ओळखलं, त्याची आख्यायिका सांगतात. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडून घेतली. कोकणात जन्म काढून कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्यांना हात लावायचा नाही, हे केवढं मोठं व्रत आहे, ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं. नवस फेडायला ते मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, ओला नारळ, भोवती फळं, आणि मुखी एलियाहू हानबी या प्रेषिताचं स्तवन. १८८० च्या सुमारास त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली, तीही साकी-दिंडीसकट. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला 'मशीद'च म्हणत, कारण मूर्ती नसलेल्या प्रार्थनेच्या जागेला बोलीत तोच शब्द हाताशी होता. मस्जिद बंदर स्थानकाच्या नावातली मशीद हीच, असं सांगितलं जातं.

पण हे चित्र रंगवताना हात आवरता घ्यायला हवा. गावाने शनिवार तेल्याला त्याचा शनिवार पाळू दिला, त्याच गावाने त्याला तेल्याच्या पायरीवर उभं केलं. प्रत्येक जातीची आळी वेगळी, पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, म्हणून प्रत्येकीचा देव आणि वारही निमूट वेगळा. खुद्द बेने इस्रायलांतही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होताच. सोसणं होतं, समता नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत झाली की जुन्या गावाचे खोटे गोडवे गाणं सुरू होतं. या पुस्तकात त्या मी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत.

या समाजाच्या कथेला पुढे एक विलक्षण वळण आहे. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलमध्ये गेले. १९६२ च्या सुमारास तिथल्या प्रमुख धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायल माणसाचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची छाननी करावी. ज्यांना कोकणात कुणी 'तुमचा शनिवार खरा कशावरून?' असं कधी विचारलं नव्हतं, त्यांना ते ज्यूंच्या देशात ज्यू धर्मगुरूंनी विचारलं. निदर्शनं झाली, उपोषणं झाली. अखेर १९६४ मध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं, की बेने इस्रायल सर्व दृष्टींनी ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. उपासनेवर घाला परक्याकडूनच येतो, अशी आपली समजूत असते. तो घरातूनही येतो. म्हणूनच या पुस्तकाचे दोन भाग आहेत, एक बाहेरून बंद झालेल्या दारांचा आणि दुसरा आतून लावलेल्या कड्यांचा.

बाहेरून बंद झालेल्या दाराचं आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिसवाडी पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतली, बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेली, आणि मग देवळं पडू लागली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आलं. त्याच साली कुठ्ठाळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला गेला. पुढे केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज फोंड्याच्या परिसरात इतकी मोठी देवस्थानं एकमेकांना खेटून का, असा प्रश्न पर्यटकाला पडतो. त्याचं उत्तर असं, की ती निर्वासितांची वस्ती आहे.

फोंडा, म्हणजे अंत्रुज महाल, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. ख्रिस्ती राजाच्या मुलखातून निघालेली हिंदू दैवतं मुसलमान राजाच्या मुलखात सुखरूप राहिली. फोंड्याची साफा मशीदही १५६० च्याच सुमाराची मानतात. ही हकिकत आजच्या कुठल्याच गटाला पुरती सोयीची नाही. बहुधा म्हणूनच ती पूर्ण सांगितली जात नाही. जो तो आपल्या कामाचा अर्धा भाग उचलतो.

इन्क्विझिशनचा रोख मुख्यतः बाटलेल्यांवर होता. बाप्तिस्मा झाला, पण जुनी सवय सुटली नाही, असा संशय ज्यांच्यावर असे ते त्याच्या तडाख्यात सापडत. १७३६ च्या फर्मानात घरगुती गोष्टींची लांबलचक जंत्री आहे, आणि हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवण्यालाही त्यात मनाई आहे. दारची तुळसही गुन्ह्यांच्या यादीत आली. हुकूम काढणाऱ्याला चुलीवरच्या भांड्यात मीठ आहे की नाही, याची काळजी वाटू लागते तेव्हा श्रद्धेची बाब केव्हाच मागे पडलेली असते. माणूस पुरता आपल्या मुठीत आला की नाही, एवढंच त्याला चाचपून बघायचं असतं. १८१२ मध्ये ते न्यायालय बंद झालं. त्याच गोव्यात आज म्हापशाची मिलाग्र सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते आणि तिच्या फेस्ताला हिंदू घरांतूनही तेल वाहिलं जातं. बहिणींचं हे नातं लोकांनी जोडलं, त्याला कुठलं फर्मान लागलं नाही.

आता आतल्या कडीकडे येतो. पंढरपूरला महाद्वारापाशी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. ज्याला हयातीत देवळात पाऊल टाकता आलं नाही, त्याची समाधी दाराबाहेर झाली. पुढची सहाशे वर्षं वारकरी त्या समाधीला हात लावून आत जात राहिले आणि चोखोबांच्या जातीची माणसं तिथूनच परत फिरत राहिली. हे दोन्ही एकाच दारात, एकाच दिवशी घडे, आणि त्यात काही विपरीत आहे असं फारच थोड्यांना वाटे.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, संघटनेचा भार भाऊराव गायकवाडांवर. हजारो माणसं शिस्तीने दारांपुढे बसली. देवस्थानाने दारं सगळ्यांनाच बंद केली. त्यांना आत घेण्यापेक्षा आपणही आत न गेलेलं बरं, हा तो हिशेब. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्म स्वीकारला. उपासनेच्या स्वातंत्र्यात आत येण्याचा हक्क आहे, तसाच उठून निघून जाण्याचाही आहे. पहिला नाकारणाऱ्यांना दुसऱ्याचा राग येतो, ही आपल्याकडची जुनी गंमत.

पंढरपूरचं दार उघडण्यासाठी साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ पासून त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केलं. दहाएक दिवसांनी बडव्यांनी मान्यता दिली, उपोषण सुटलं. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते, आणि दिल्लीत घटना समिती मूलभूत हक्कांचे मसुदे घासूनपुसून नीट करत होती.

पंचविसावं कलम वाचताना हा काळ लक्षात ठेवावा. प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, धर्म मुक्तपणे मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून. या अटी कुणी सहज टाकलेल्या नाहीत. राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की आचरणाला मोकळं रान दिलं तर देवदासी आणि पडदा यांसारख्या रूढीही धर्माच्या नावाखाली संरक्षण मागतील. म्हणून त्याच कलमात समाजसुधारणेला आणि हिंदूंची सार्वजनिक देवस्थानं सर्व थरांना खुली करणाऱ्या कायद्यांना वाट ठेवली. 'प्रसार' या शब्दावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत कडाक्याची चर्चा झाली आणि शब्द राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तो निकाल अनेकांना पटलेला नाही, आणि त्यावरची दोन्ही बाजूंची मांडणी पुढे सविस्तर येईलच.

माझ्या घाण्याशी सगळ्यात जवळचं नातं सांगणारा निकाल १९८६ चा आहे, बिजो इमॅन्युएल खटल्यातला. केरळमधली तीन शाळकरी भावंडं. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहत, पण गात नसत. देवाखेरीज दुसऱ्या कशाचंही स्तवन करायचं नाही, ही त्यांच्या पंथाची शिकवण. वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. मग एका लोकप्रतिनिधीच्या लक्षात आलं, प्रश्न विधानसभेत गेला आणि १९८५ मध्ये मुलांना शाळेतून काढलं. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी मुलांना परत घ्यायला लावलं. न्यायालयाने त्या पंथाची शिकवण बरोबर आहे की विचित्र, हे तपासलं नाही. ती मनापासूनची आहे का आणि ती पाळल्याने कुणाचं काय बिघडतं, एवढंच पाहिलं. मुलं उभी होती, गप्प होती. बिघडत काहीच नव्हतं. शनिवार तेल्याचं गाव तरी याहून वेगळं काय करत होतं?

आता पुस्तकाचा गाभा. शनिवार तेली म्हणतो, 'मी घाणा चालवणार नाही.' देवळाचा मालक म्हणतो, 'तू आत येणार नाहीस.' दोघंही धर्माचं नाव घेतात, दोघंही परंपरा दाखवतात. पण पहिल्या वाक्याचा कर्ता 'मी' आहे आणि दुसऱ्याचा 'तू'. पहिल्यात नियम पाळणाराच त्याची किंमत मोजतो, शेजाऱ्याला जरा तसदी पडते इतकंच. दुसऱ्यात नियम एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, आणि ती किंमत असते त्याचं माणूसपण. कुठलाही धार्मिक वाद समोर आला की मी आधी वाक्याचा कर्ता शोधतो.

पर्युषणात मी मांस खाणार नाही, हे पहिल्या जातीचं वाक्य आहे. पर्युषणात तुम्ही विकू नका, हे दुसऱ्या जातीकडे सरकतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतल्या नऊ दिवसांच्या कत्तलखानाबंदीला मान्यता दिली, थोडे दिवस कळ काढायला हरकत नाही अशा अर्थाने. २०१५ मध्ये मुंबईत तशीच वेळ आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. आवाजाचंही तेच. आरती, अजान, प्रार्थनेची घंटा हा माझा हक्क आहे, पण रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा लावून ती शेजाऱ्याच्या आजारी आईला ऐकवणं हा नाही. चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वच धर्मांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच २०१६ मध्ये गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला आणि ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत जाण्याचा त्यांचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला. एक दार हिंदूंचं, एक मुसलमानांचं. पण आतून लावलेली कडी एकाच लोहाराने घडवलेली.

ही कसोटी सगळीकडे चालते, असा माझा दावा नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा करून जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्याला बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. शिस्त मोडणाऱ्याला बाहेर काढणं हा पंथाचा धार्मिक अधिकारच आहे, असं बहुमत. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांचं मत विरुद्ध होतं. बहिष्कृताला कबरस्तानही नाकारलं जात असेल तर हा नुसता धर्माचा मामला राहत नाही, असा त्यांचा रोख. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला, तो मुख्यतः जातपंचायतींच्या जाचामुळे. इथे 'मी' आणि 'तू' यांच्यामध्ये 'आम्ही' येऊन उभा राहतो. एकत्र उपासना करणाऱ्यांना आपल्यात कोण, हे ठरवू द्यायचं नाही तर समुदाय कसा टिकणार? आणि ठरवू दिलं तर एकट्या माणसाने जायचं कुठे? त्या प्रकरणात मी निकाल दिलेला नाही, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आहे. वाचकाला ते अर्धवट वाटलं तर तो दोष माझ्या माथी.

शेवटी एक कबुली. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा वर्षानुवर्षं रविवारी सकाळी नऊला भरत असे. तिसऱ्या मजल्यावरचं एक ख्रिस्ती कुटुंब कधीच यायचं नाही. इतिवृत्तात दरवर्षी 'गैरहजर'. काही वर्षं सचिव मीच होतो, तो शब्द मीच लिहीत होतो. त्यांना सोसायटीत रस नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. त्याच काळात मी या पुस्तकाची टिपणं काढत होतो, गोव्यातली फर्मानं आणि दिल्लीतले निकाल वाचत होतो, आणि रविवारी सकाळी नऊला चर्चमध्ये मिस्सा असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. संख्येने थोडे असलेले लोक बहुतेकदा सांगत नाहीत, तसंच चालवून घेतात. एकदा जिन्यात त्यांच्या आजी भेटल्या, जपमाळ हातात, रिक्षाची घाई. मी म्हणालो, "सभेला या की." त्या हसल्या. "याच वेळेला देवाची पण सभा असते, बाबा."

पुढच्या वर्षापासून सभा संध्याकाळी पाचला ठेवली. ठराव नाही, भाषण नाही, सूचनाफलकावरचा एक आकडा बदलला. आता ते कुटुंब सभेला येतं, आणि गाडी लावायच्या जागेवरून बाकी सगळ्यांइतकंच कडाडून भांडतं.